शब्दचर्चा : सिनेमातली गाडी 'पळते' की 'पळवतात'?

सिनेमातल्या आजवरच्या सगळ्यात भारी गाड्यांवर लिहायला घेतलंय आणि पहिल्याच वाक्यात अडकलोय. 'आयकॉनिक कार'ला मराठीत काय म्हणायचं? सर्वश्रेष्ठ, अजरामर, संस्मरणीय, गाजलेली असे चार शब्द सुचले. संस्मरणीय म्हटलं की शाल-श्रीफळ डोळ्यासमोर येतं, म्हणून तो बाद. सर्वश्रेष्ठ चालेल का? जाणकारांनी सांगावं.

*

सर्वश्रेष्ठ अजिबात नको. सर्वश्रेष्ठ म्हटलं की यंत्राची परीक्षा सुरू होते आणि तिथे 'बॅक टू द फ्यूचर'मधली डेलोरियन पहिल्याच फेरीत नापास. स्टेनलेस स्टीलची बॉडी, पंखासारखे वर उघडणारे दरवाजे, दिसायला एकदम झकास, पण इंजिन जेमतेम १३० हॉर्सपॉवरचं, जेमतेम नऊ हजार गाड्या बनल्या आणि १९८२ मध्ये कंपनीच बुडाली. सिनेमा आला १९८५ ला, म्हणजे गाडी बाजारातून गेल्यावर! त्यातही गंमत अशी की सिनेमात या गाडीला काळाच्या प्रवासाला ताशी ८८ मैल वेग लागतो आणि अमेरिकेत विकलेल्या खऱ्या डेलोरियनच्या स्पीडोमीटरवर आकडे ८५ पर्यंतच होते. तरी कुठल्याही यादीत ती पहिल्या तिनात असते. म्हणून 'गाजलेली' हाच बरोबर, कारण गाजणं गाडीच्या हातात नसतं, लोकांच्या हातात असतं.

*

गाजलेली ठीक आहे पण पुरेसा नाही हो. गाजायला काय, फ्लॉप सिनेमाचं गाणंसुद्धा गाजतं. 'गोल्डफिंगर' (१९६४) मधली अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ तुफान गाजली, फिरत्या नंबरप्लेटा, दिव्यांमागे मशीनगन, शेजारच्याला छतातून उडवून देणारी सीट, पुढच्या वर्षी खेळण्यातली गाडी आली तीही पोरांनी उचलून धरली, सगळं मान्य. पण ती आहे काय शेवटी? बाँडच्या सुटासारखी एक वस्तू. तिला 'पात्र' म्हणाल का? माझं मत असं की गाजलेल्या गाड्या वेगळ्या आणि पात्र झालेल्या गाड्या वेगळ्या, एका यादीत घालूच नयेत.

*

पात्र आहे की वस्तू हे ओळखायची मराठीत एक सोपी खूण आहे, लिंग बघा. गाडी, कार, मोटार तिन्ही स्त्रीलिंगी, त्यामुळे मस्टँग आली, फेरारी आली, सुप्रा आली, सगळ्या 'ती'. पण 'द लव्ह बग'मधली ५३ नंबरची, स्वतःच्या मर्जीने पळणारी हर्बी नावाची बीटल? तिथे आपण 'हर्बी रुसला', 'हर्बी जिंकला' असंच म्हणतो. गाडीचं व्याकरण सुटलं की ती पात्र झाली समजायचं.

*

मग 'क्रिस्टीन'चं (१९८३) काय करणार? लालभडक प्लायमथ फ्युरी, माणसं मारते, चेचून टाकली तरी स्वतःच स्वतःला सरळ करते, म्हणजे पात्र तर आहेच आहे, आणि लिंग गाडीचंच. शिवाय बॅटमोबाईल बघा, मोबाईल पुल्लिंगी म्हणून काहीजण 'बॅटमोबाईल आला' म्हणतात, म्हणून तो काय पात्र झाला? तुमची खूण दोन्हीकडून गळते.

(क्रिस्टीन सरळ होण्याचं शूटिंग भारी होतं, आतून हायड्रॉलिक पंपांनी पत्रे आत ओढून घ्यायचे आणि फिल्म उलटी चालवायची. काँप्युटर वगैरे काही नाही.)

*

लिंगावर नका जाऊ, क्रियापदावर जा. रुसणे, चिडणे, डूख धरणे ही क्रियापदं नुसत्या नावाला जोडून बघा. 'क्रिस्टीन चिडली' चालतं, 'डीबी५ चिडली' म्हटलं तर लोक हसतील. आणि त्याहून चांगली कसोटी म्हणजे प्रयोजक क्रियापद : गाडी पळाली की पळवली? 'बुलिट'मध्ये स्टीव्ह मॅक्वीन मस्टँग पळवतो, प्रत्येक वळणावर हात त्याचा आहे. हर्बी पळतो. स्पीलबर्गचा 'ड्युएल' (१९७१) घ्या, त्यात ट्रकवाल्याचा चेहरा अख्ख्या सिनेमात दिसत नाही, फक्त हात आणि बूट, त्यामुळे कथा सांगताना आपण 'ट्रकवाल्याने ट्रक अंगावर घातला' म्हणतच नाही, 'ट्रक अंगावर आला' म्हणतो. चालवणारा गायब झाला की कर्तेपण गाडीकडे जातं. तो पीटरबिल्ट ट्रक निवडलाच मुळी पुढचं लांब नाक बघून, समोरून चेहऱ्यासारखा दिसतो म्हणून.

*

हे आवडलं. पण सगळे इंग्रजीच सिनेमे का घेताय? ऋत्विक घटकांचा 'अजांत्रिक' (१९५८) विसरलात, म्हणजे आपल्या भाषेत अयांत्रिक. बिमल नावाचा टॅक्सीवाला आणि त्याची मोडकळीला आलेली जुनी शेवरोलेट, नाव जगद्दल. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं की ती घटाघट प्यायल्याचा आवाज येतो, कुरकुरते, हेवा करते. हर्बीच्या दहा वर्षं आधी! बंगालीत व्याकरणातलं लिंगच नसल्याने तो-ती हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही, मराठीत सांगताना मात्र बिमलचा जगद्दल म्हणायचं की बिमलची, मी दरवेळी अडखळतो. माझ्या मते जगातली कुठलीही यादी या गाडीशिवाय अपुरी आहे, मग तिला कोणी आयकॉनिक म्हणो न म्हणो. त्याच वर्षी 'चलती का नाम गाडी' पण आला, दोन टोकांचे सिनेमे, दोन्हीकडे जुनाट शेवरोलेटच.

*

माझी बाजू पळवणाऱ्यांची. गाडीला माणूस केलं की काम सोपं होतं, दिवे मिचकावले की झालं. 'बुलिट'मध्ये गाडी फक्त गाडी आहे, पाठलाग रंगात येतो तेव्हा पार्श्वसंगीतसुद्धा बंद होतं, मग दहाएक मिनिटं नुसते इंजिनचे आणि टायरचे आवाज आणि सॅन फ्रान्सिस्कोचे चढउतार. काही बोलत नाही, रुसत नाही, तरी नजर हलत नाही. हिरो गाडी असावी तर अशी. २०२० मध्ये लिलावात ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली, रंग उडालेला, गंज चढलेला तसाच ठेवून.

*

'हिरो गाडी' हा शब्द जपून वापरा बरं का. सिनेमावाल्यांच्या भाषेत हिरो कार म्हणजे जवळून शॉट घ्यायला ठेवलेली नीटनेटकी गाडी, उड्या मारायला वेगळी स्टंट कार असते. 'बुलिट'च्या मस्टँगही दोन होत्या, एक उड्यांची आणि एक ही विकली गेलेली. 'नायक गाडी' असं भाषांतर केलंत तर अर्थाचा बट्ट्याबोळ.

आणि नकली गाडीला काय म्हणणार? 'फेरिस ब्यूलर्स डे ऑफ'मधली ती फेरारी, जी काचेच्या गॅरेजमधून खाली कोसळते, ती फेरारी नव्हतीच, फायबरग्लासची प्रतिकृती होती. प्रतिकृती शब्द संग्रहालयातला वाटतो. मी 'तोतया फेरारी' म्हणतो. 'मॅड मॅक्स'च्या काळ्या फाल्कनवर बॉनेटमधून वर आलेला सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) पण तसाच, नुसता रुबाबाला बसवलेला, कामाचा नाही. तोही तोतयाच.

*

सगळ्यांचे आभार. लेखाचे दोन भाग करतोय, 'पळवलेल्या गाड्या' आणि 'पळालेल्या गाड्या', आणि आयकॉनिकला सरळ गाजलेली. जगद्दल दुसऱ्या भागात पहिला, आणि हो, पुल्लिंगी. तोतया पण उचललाय.

*

'बुलिट'मधली हिरवी बीटल कुठल्या भागात घालणार? एकाच पाठलागात तीच तीच चारेक वेळा ओव्हरटेक होते. ती पळतही नाही आणि कोणी पळवतही नाही, मध्येमध्ये नुसती तडमडते.