मदत हवी आहे: आमची तांबडी नेमकी कशाने गेली?

नमस्कार मंडळी,

आज पहाटे आमची तांबडी गेली. गिरिराज जातीची कोंबडी, वय अडीच वर्षांच्या आसपास. आम्ही संगमेश्वरजवळ राहतो. परसात ती धरून पाच कोंबड्या आणि एक कोंबडा, दिवसभर मोकळे, रात्री खुराड्यात. घरापुरती अंडी, एवढाच हिशेब. एक कोंबडी मेली तर एवढं काय, असं घरातच ऐकून झालंय. पण उरलेल्या पाच जिवांची धास्ती आहे.

महिन्याभरापूर्वी तिनं दोनतीनदा बिनकवचाचं अंडं घातलं. नुसता पापुद्रा, हातात लिबलिबीत. मग अंडी बंदच. टोपलीत जाऊन तासभर बसायची आणि तशीच उठून यायची. सासूबाई म्हणाल्या, खुडूक झाली असेल. मलाही तेच वाटलं. खरं तर खुडूक कोंबडी पिसं फुलवून अंगावर येते, हात घातला की टोचते. ही उचलली तरी गप्प. तिथेच मला कळायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात चाल बदलली. छाती वर, शेपटी खाली, पाय फाकवून बदकासारखी चालायची. पोट पाणी भरल्यासारखं तट्ट आणि गरम, पण छातीचं हाड बोटाला टोचावं इतकं अंग आटलेलं. तुरा आधी फिका पडला, शेवटी टोकाला जांभळट. शीट हिरवट-पांढरी.

सासूबाईंनी हळद-लसूण भरवलं. मी दुकानातून अँटिबायोटिकची पावडर आणली आणि (इथे चुकलं का?) सगळ्यांच्याच पाण्यात तीन दिवस घातली.

शेजारच्या काकी म्हणतात मानमोडीच (राणीखेत रोग), बाकीच्या आत्ताच विकून टाका. पण मान वाकडी नव्हती, घरघर नव्हती. बाकीचे मजेत उकिरडा उकरतायत. मानमोडीची पहिली लस, लासोटा, दिली होती, नंतरची आर-टू-बी ही लस राहून गेली, कबूल करते.

आज रविवार, दवाखाना बंद. तांबडीला पिशवीत घालून थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवलंय. उद्यापर्यंत टिकेल का? फ्रीझरमध्ये टाकू? की काकी म्हणतात तसं घरीच फाडून बघू? आणि बाकीच्यांची अंडी खायची की नाही?

प्रतिसाद १

ताई, फ्रीझर नको. गोठल्यावर आतले अवयव खराब होतात, मग डॉक्टरांना नीट दिसत नाही. पिसांखाली ऊब कोंडून राहते आणि आतून कुजायला लागतं, म्हणून साबणाच्या पाण्यानं पिसं भिजवा, दुहेरी पिशवीत बांधा आणि बर्फ बदलत राहा. उद्या सकाळी पहिल्यांदा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. तिथे उलगडा झाला नाही तर पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, नमुना तिकडे पाठवता येतो का विचारा.

पावडरीच्या पाकिटावर अंडी किती दिवस टाळायची ते लिहिलेलं असतं. तोवरची अंडी फेका, जीव तुटला तरी. आणि पुढच्या वेळी आजारी कोंबडी आधी वेगळी डालग्याखाली ठेवा.

प्रतिसाद २

घरी फाडू नका. तुमच्याकडे बर्ड फ्लू आहे असं अजिबात म्हणत नाही. २००६ मध्ये नवापूरला देशात पहिल्यांदा सापडला, तेव्हा कोंबड्या पटापट मेल्या होत्या. एकच कोंबडी महिनाभर झुरते, हे चित्र वेगळं आहे. पण ते आपण कशाला ठरवायचं? हात साबणानं धुवा. आणखी एकदोन लागोपाठ गेल्या तर लगेच १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन.

मानमोडीबद्दल: ती बहुधा एकीवर थांबत नाही, खुराडंच साफ करते. काकींना सांगा, आणि आजारी खुराड्यातल्या कोंबड्या बाजारात नेणं म्हणजे आजार गावभर वाटणं, हेही सांगा.

धागाकर्तीचा प्रतिसाद, मंगळवार

दोघांचेही आभार. काल डॉक्टरांनी माझ्यासमोर उघडली. पोटातून गढूळ पिवळं पाणी आलं, वाटीभर तरी असेल. त्यात उकडलेल्या बलकाचे गोळे, एक तर सुपारीएवढा, आणि आतडी एकमेकांना चिकटलेली. मानमोडीत जठराच्या आतल्या बाजूला रक्ताचे ठिपके दिसतात म्हणाले, ते शोधून दाखवलं की नाहीत.

झालं होतं असं: बलक अंडनलिकेत उतरण्याऐवजी पोटात पडत राहिला, त्यात जंतू वाढले आणि आतून सडत गेलं. टोपलीत बसून अंडं न देता उठायची ते याचमुळे. बलक सुटत होता, पण बाहेर यायच्या वाटेला लागतच नव्हता. जास्त अंडी देणाऱ्या जातींत, वय वाढलं की हे जास्त दिसतं. एकीचं दुसरीला लागत नाही. पोट असं भरल्यावर पावडरीचा उपयोग नव्हता, आणि बाकीच्यांना ती द्यायची गरजच नव्हती. अंडी फेकतेय. सासूबाई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतायत.

आर-टू-बी मात्र आता देऊन टाका म्हणाले. कुपी शंभर डोसची, एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची, आणि माझ्याकडे पाचच. म्हणून संध्याकाळी वाडीत फिरले. साठेक जमल्या. त्यात काकींच्या अकरा आहेत.