तडा, भेग की चीर? आणि ‘क्रॅक अरेस्ट’ला काय म्हणावं?

सड्यावरची: रत्नागिरीत पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी मराठीत टिपणं करते आहे. विषय, ठिसूळ पदार्थांत तडे कसे वाढतात आणि कुठे थांबतात. दोन जागी अडलंय. ‘ब्रिटल’ला पुस्तकात ठिसूळ म्हणतात, पण आमच्याकडे ठिसूळ म्हणजे हातात चुरा होणारं. काच ठिसूळ म्हटली की मुलं बघत राहतात. दुसरं, ‘क्रॅक अरेस्ट’, म्हणजे वाढणारा तडा पुढे जायचा थांबणं. सहकाऱ्यांनी ‘भंगरोध’ सुचवलाय, माझ्या जिभेवर तो बसत नाही.

खाडीकाठ: ठिसूळ राहू द्या, फक्त ‘न वाकता फुटतं ते’ असं सुरुवातीलाच सांगा. पण क्रॅकला भेग नका लिहू. भेग *पडते*, तडा *जातो*. भात कापलेल्या मळ्यात उन्हाने भेगा पडतात, टाचेला पडतात, सावकाश. चिनीमातीच्या बरणीला तडा जातो तो एका क्षणात. तडकन गेला म्हणून तडा, माझ्या मते व्युत्पत्तीही हीच.

राजापूरवाला: नादावरून व्युत्पत्ती सांगणं फार सोपं असतं. आणि परिभाषा घरगुती क्रियापदांवर उभी राहत नाही. भंगरोध घेतला की भंगरोधक, भंगरोधी सगळं बनतं. ‘तडा थांबणे’पासून काय बनवाल?

सड्यावरची: ‘जातो’ हे मला पटलं, कारण वाढ त्या क्रियापदातच आहे. राजापूरवाले, ‘रोध’ म्हटलं की कुणीतरी मुद्दाम रोखलं असं होतं. ते एका प्रकाराला लागू पडतं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या मालवाहू ‘लिबर्टी’ जहाजांची वेल्डिंगची पत्र्यावर पत्रा जोडलेली अंगं थंडीत ठिसूळपणे फुटायची. तडा एका पत्र्यातून दुसऱ्यात सरळ जायचा, मध्ये सांधाच नाही. मग रिव्हेट मारलेल्या पट्ट्या बसवल्या, तिथे तडा रोखला. पण पुष्कळदा कुणी रोखत नाही. पुढे ताण कमी पडला तर तो थांबतो, वाटेत चिवट कण आला तर अडतो. थांबणं आणि अडणं यांची कारणं वेगळी, मुलांना ती वेगळीच कळायला हवीत.

खाडीकाठ: अडला! हाच शब्द घ्या. आणि जांभ्यासारख्या मिश्र दगडात तडा सलग कुठे जातो? अडत अडत, झटक्या-झटक्याने जातो. लहान झटके पुष्कळ, मोठे मोजके.

चिरेखाण: माझ्या वडिलांची खाण होती. मशीन यायच्या आधी चिरे हातानेच काढत. ताजा जांभा मऊ, वारा लागला की घट्ट होतो. आमच्याकडे चीर म्हणजे क्रॅक नव्हेच, चिरा म्हणजे दगड. चिरून काढला म्हणून चिरा.

राजापूरवाला: चीर म्हणजे वस्त्र. चीरहरण कशाचं झालं? चिरण्याशी त्याचा संबंध जोडायचा तर आधी पुरावा द्या.

चिरेखाण: पुरावा खाणीत आहे. मालवणीत ‘चिरो’ म्हणतात, वस्त्राला कुणी चिरो म्हणत नाही.

सड्यावरची: हे राहू दे, मला ‘फ्लॉ’चा, म्हणजे जिथून तडा सुरू होतो त्या बारीक कमकुवत जागेचा, शब्द हवाय. सगळं गणित त्यावर आहे. एकाच काचेच्या पट्ट्या घ्या, सारख्याच दिसणाऱ्या. त्या एकाच भाराला फुटत नाहीत. स्वीडिश अभियंता वायबुलने 1939 मध्ये मांडलं की ताकद सरासरीवर नाही, सगळ्यात वाईट जागेवर ठरते. म्हणून मोठा तुकडा सरासरीने कमजोर, त्यात वाईट जागा असण्याची शक्यता जास्त. त्याआधी 1921 मध्ये इंग्रज अभियंता ग्रिफिथने दाखवलं होतं की काचेचा तंतू जितका बारीक, तितकी त्याची ताकद जास्त.

खाडीकाठ: खोट. ‘यात खोट आहे’ असं म्हणतोच की आपण.

राजापूरवाला: खोट म्हणजे कमीपणा, नैतिकही. दोष लिहा.

चिरेखाण: खोट बरोबर. सोन्यात खोट असते, दगडातही असते. पण एक विचारतो. जांभ्यात भोकंच भोकं असतात. त्यांना खोट म्हणायचं की तडा अडवणाऱ्या जागा? फायबरच्या होडीला तडा गेला की आम्ही त्याच्या टोकाला ड्रिलने भोक पाडतो, मग तो पुढे जात नाही.

सड्यावरची: दोन्ही. ताण एकवटतो तो तड्याच्या टोकदार शेंड्यापाशी. गोल भोकात शेंडा बोथट होतो आणि तडा अडतो. पण त्याच भोकाच्या काठाला बारीक चरा असेल तर नवा तडा तिथूनच निघतो.

राजापूरवाला: म्हणजे ‘चरा’ हा आणखी एक शब्द आला. चिरा, चीर, चरा, तिन्ही एकाच मुळाचे, असं आता म्हणू नका.

चिरेखाण: मी तर म्हणतो, आहेत.