संथ, रटाळ की रेंगाळलेला?

‘स्थळ’ हा मराठी चित्रपट कसा वाटला, असं घरात विचारलं तर दोन उत्तरं आली. एक, ‘चांगलाय, पण संथ आहे.’ दुसरं, ‘रटाळ आहे गं, तेच तेच.’ दोघांनी तो शेजारी बसूनच पाहिला होता. या दोन शब्दांत नेमका फरक काय? आणि परीक्षणांत ‘रेंगाळतो’ असतं, ते कुठे बसवायचं?

— संथ हा वेग, रटाळ हा शेरा. नदी संथ असते, रटाळ नसते. ‘संथ वाहते कृष्णामाई’ लिहिताना गदिमांना कृष्णेची तक्रार करायची नव्हती. सिनेमाच्या बाबतीत मात्र ‘संथ’च्या आधी ‘पण’ आला की समजायचं, बोलणारा कंटाळलाय आणि पुरस्कारवाल्या चित्रपटाला उघड नावं ठेवायला कचरतोय.

— रटाळमध्ये मला ‘रट’ ऐकू येते. नुसता वेळ लागणं नाही, एकच टकळी चालू राहणं. म्हणून ‘स्थळ’ला तो शब्द का लावला असेल ते कळतं. त्यातल्या नायिकेला, सविताला, बघायला मंडळी येतात, नाव, शिक्षण, उंची, छंद विचारतात, जातात. मग दुसरी मंडळी, पुन्हा तेच प्रश्न. पण ते परत परत घडणं हाच तर त्या चित्रपटाचा विषय आहे! तिचा जीव जसा विटतो तसा आपलाही विटावा, म्हणूनच ती मांडणी आहे. दिग्दर्शकाच्या नकळत आलेला कंटाळा तो रटाळ. मुद्दाम आणलेल्याला दुसरा शब्द हवा.

— प्रेक्षकाला दिग्दर्शकाच्या हेतूशी काय देणंघेणं? तिकीट काढून जांभया आल्या तर रटाळच. ‘कोर्ट’ चित्रपटात शेवटाकडे कामकाज संपतं, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात आणि कॅमेरा तसाच त्या रिकाम्या खोलीवर. मी चुळबुळ करत होतो. बायको म्हणाली, इथेच तर खरा सिनेमा आहे. आमच्याकडे एकाच दृश्यासाठी दोन शब्द झाले, आणि दोन्ही खरे.

— गाण्यात ही अडचण येत नाही. विलंबित, म्हणजे धीम्या लयीतल्या, ख्यालाला कोणी ‘चांगला होता, पण विलंबित होता’ म्हणत नाही. गवयाला जमला नाही तर ‘रंगला नाही’ म्हणतात, लयीला दोष देत नाहीत. सिनेमालाही ‘रंगला नाही’ म्हणून बघा, संथ बिचारा सुटेल.

— रेंगाळणे हे क्रियापद गमतीचं आहे. ‘मध्यंतरानंतर चित्रपट रेंगाळतो’ ही तक्रार; ‘चित्रपट मनात रेंगाळतो’ ही शाबासकी. क्रियापद तेच, कर्ताही तोच, फरक फक्त ‘मनात’चा. परीक्षण भराभर वाचणाऱ्याने तेवढा एक शब्द गाळला की संपलं. ‘अंगावर येतो’चंही तसंच. कुणी वास्तव अंगावर आलं म्हणून भारावतो, कुणी पार्श्वसंगीत अंगावर आलं म्हणून कानात बोटं घालतो.

— लांब आणि संथ यांतही लोक गल्लत करतात. ‘सैराट’ जवळपास तीन तासांचा. त्याला संथ म्हणणारा मला तरी भेटला नाही. उलट दीड तासाचे काही चित्रपट संपता संपत नाहीत. मालिकांसाठी ‘पाणी घातलंय’ हा घरगुती शब्द आहेच, तो सिनेमालाही चालावा.

— आमच्या नागपूरकडे एवढी चिरफाड नाही. ‘लय पकवला बे’ म्हटलं की संथ, रटाळ, लांब, सगळे एका पोत्यात.

— पण त्यात चित्रपट वाईट होता की तुमचा मूड, हे कसं कळायचं?

— ते कशाला कळायला पाहिजे? चहा पिताना सांगतोय, निकालपत्र लिहीत नाही.

— एक नवीन प्रकार. भाचा म्हणतो, ‘फार संथ होता, म्हणून दीडपट वेगाने पाहिला.’ आता त्याच्या ‘संथ’चं काय करायचं?

— संथचं राहू द्या, ‘पाहिला’चं आधी बघा. पुस्तक चाळतात, तसा त्याने तो चाळला म्हणावं.