तालिमखाना नेमका कोणत्या जागी रुजतो?

प्रश्न: पावसाळा सरल्यावर तळ्याच्या आटत जाणाऱ्या काठावर कमरेएवढ्या उंचीची, जांभळ्या फुलांची काटेरी रोपे दाटीने उभी असतात. हा तालिमखानाच असावा, असे वाटते. मात्र बारमाही पाण्यात किंवा वरच्या कोरड्या बांधावर त्याचे एकही रोप आढळत नाही. ओळख पक्की कशी करावी आणि त्याला पाणी किती लागते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: खोडाचे पेर जवळून पाहावे. तालिमखान्याचे खोड चौकोनी व राठ केसांचे असून प्रत्येक पेराभोवती पानांचे कडे असते. त्यातली बाहेरची दोन पाने बरीच लांब, तर आतली आखूड असतात आणि त्यांच्या बगलेत सरळ, टोकदार, पिवळसर असे साधारण सहा काटे असतात. त्या काट्यांच्या मधोमध दोन ओठांची फुले गुच्छाने येतात. ही वनस्पती अडुळशाच्याच कुलातली आहे. आयुर्वेदात तिला कोकिलाक्ष म्हणतात.

उत्तर २: आपले निरीक्षण अचूक आहे, कारण या वनस्पतीला पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी आणि पुढे हळूहळू उघडी पडणारी चिखलट जमीन मानवते. म्हणूनच भातखाचरांच्या कडा, रस्त्यालगतचे चर, ओढ्याकाठची दलदल अशा ठिकाणी ती भारतीय उपखंडात आणि उष्णकटिबंधीय आफ्रिकेतही आढळते. तिचे बी पाहण्याजोगे आहे: बशीतल्या पाण्यात चार दाणे टाकले, की त्यांवरचे दबून बसलेले केस फुलतात, प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत थर जमतो आणि दाणा बोटाला असा चिकटतो की सहज सुटत नाही. ओल्या गाळावरही तो तसाच चिकटून राहत असणार, असे मला वाटते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पेराशी सहा काटे स्पष्ट दिसले. कुंडीत लावता येईल का?

उत्तर २: लावता येईल, गाळाची माती घ्यावी, कुंडीखाली पाण्याचे ताट ठेवावे आणि ऊन भरपूर मिळू द्यावे. तरीही माझा आग्रह काठ राखण्याचा आहे. तळ्याला सरळ उभी भिंत बांधली, की पाणी राहते, पण भिजून सुकणारा उताराचा पट्टा नाहीसा होतो, आणि तालिमखान्याला नेमका तोच पट्टा हवा असतो.