वर्गसमीकरण: मधलं पद फोडायला जोडी सापडत नाही तेव्हा

दोन_चल:
दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरण सोडवायच्या तीन पद्धती आहेत: अवयव, पूर्ण वर्ग आणि सूत्र. मुलं सरसकट आधी अवयव पाडायला जातात. ६क्ष² − ७क्ष − २० = ० घ्या. गुणाकार ६ × (−२०) = −१२० आणि बेरीज −७ अशी जोडी शोधताना १ × १२० पासून सुरुवात होते, समासभर जोड्या लिहून होतात आणि शेवटी "अवयव पडत नाहीत" असा निष्कर्ष निघतो. जोडी आहे की नाही हे आधीच कसं ओळखायचं? आणि सूत्र पाठ असताना पूर्ण वर्ग पद्धतीला वेळ का द्यायचा?

बीजांकुर:
आधी विवेचक काढायचा, म्हणजे ब² − ४अक (अ आणि ब हे क्ष² आणि क्ष यांचे सहगुणक, म्हणजे त्यांच्या आधीचे आकडे; क हे स्थिर पद). सहगुणक पूर्णांक असतील तर विवेचक पूर्ण वर्ग आला की अवयव पडणारच. नाही आला तर कितीही जोड्या लिहा, पूर्णांकांत अवयव पडणार नाहीत. तुमच्या उदाहरणात ४९ + ४८० = ५२९ = २३².

एवढं झालं की जोडी शोधावी लागतच नाही. ब मध्ये २३ मिळवून निम्मे करा, मग २३ वजा करून निम्मे करा:
(−७ + २३) ÷ २ = ८
(−७ − २३) ÷ २ = −१५

६क्ष² − १५क्ष + ८क्ष − २० = ३क्ष(२क्ष − ५) + ४(२क्ष − ५) = (२क्ष − ५)(३क्ष + ४). मुळे ५/२ आणि −४/३.

निम्मे केल्यावर अपूर्णांक येईल ही भीती नको. ब आणि विवेचकाचं वर्गमूळ हे दोन्ही सम तरी असतात नाहीतर दोन्ही विषम. विवेचकाच्या एककस्थानी २, ३, ७ किंवा ८ असेल तर तो पूर्ण वर्ग नाहीच. सरळ सूत्राकडे वळा: क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) ÷ २अ. आणि हे सगळं करण्याआधी तिन्ही पदांतला सामाईक अवयव काढून टाका, नाहीतर आकडे विनाकारण फुगतात.

चौथा_भाग:
पूर्ण वर्गाबद्दल. सूत्र तिथूनच निघतं, म्हणून ती पद्धत सोडू नये. मुलं ती टाळतात ती अपूर्णांकांमुळे, आणि त्यावर आपल्याकडे जुना, फार सुंदर उपाय आहे. भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात श्रीधराचार्यांचा नियम उद्धृत केला आहे: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग दोन्ही बाजूंत अव्यक्ताच्या (म्हणजे क्ष च्या) मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवा. श्रीधराचार्यांचा स्वतःचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, नियम मात्र या उल्लेखामुळे टिकला.

३क्ष² + ७क्ष − ५ = ० यावर करून बघा.
३क्ष² + ७क्ष = ५
१२ ने गुणून: ३६क्ष² + ८४क्ष = ६०
४९ मिळवून: (६क्ष + ७)² = १०९
क्ष = (−७ ± √१०९) ÷ ६

शेवटच्या भागाकारापर्यंत एकही अपूर्णांक नाही. ३ ने भागून सुरुवात केली असती तर ७/६ चा वर्ग, ४९/३६, दोन्हीकडे मिळवावा लागला असता. चुका तिथेच होतात. आणि उजवीकडचे १०९ हाच विवेचक आहे, हे फळ्यावर जरूर दाखवा. सूत्रात ब² − ४अक कुठून आलं हा प्रश्न मग उरत नाही. प्रश्नपत्रिकेत पद्धत नेमून दिली असेल तर मात्र पाठ्यपुस्तकातल्या पायऱ्याच लिहायला सांगा.

शून्यलब्धी:
उत्तर कुठे बिघडतं तेही लिहितो.

३क्ष² = १२क्ष याला क्ष ने भागलं की ४ मिळतं आणि ० हे मूळ हरवतं. सगळं एका बाजूला आणून ३क्ष(क्ष − ४) = ० करायचं.

(क्ष − ३)(क्ष + २) = ६ यात क्ष − ३ = ६ लिहिणारे पुष्कळ. गुणाकार शून्य असेल तरच एक अवयव शून्य असावा लागतो. सहासाठी तसा नियम नाही. कंस सोडवून क्ष² − क्ष − १२ = ०, म्हणून ४ आणि −३.

गट पाडताना चिन्ह: २क्ष² − ४क्ष − ३क्ष + ६ मध्ये दुसऱ्या गटातून −३ बाहेर काढला की आत (क्ष − २) राहतो. (क्ष + २) आला तर चिन्ह तिथेच चुकलं.

सूत्रात ब ऋण असताना −ब धन होतो, ब² धनच राहतो. आणि (१० ± २√१०) ÷ ६ ला संक्षेप देताना २ ने तिन्ही संख्यांना भागायचं: (५ ± √१०) ÷ ३. फक्त १० ला भागून पुढे जाणं ही नेहमीची चूक.

दोन_चल:
ब मध्ये २३ मिळवून निम्मे करण्याची युक्ती उद्याच वर्गात घेतो. शेवटच्या उदाहरणाचं समीकरण ३क्ष² − १०क्ष + ५ = ० ना? ब सम असताना छोटं सूत्र वापरू द्यावं का?

बीजांकुर:
हो, तेच. ब = २प धरा, मग क्ष = (−प ± √(प² − अक)) ÷ अ. इथे प = −५, म्हणून (५ ± √(२५ − १५)) ÷ ३. संक्षेपाची पायरीच येत नाही. पण मूळ सूत्र हाताखाली बसल्यावरच द्या; आधी दिलं तर मुलं विषम ब लाही ते लावतात. पडताळ्यासाठी मुळांची बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ बघायचा: इथे १०/३, आणि (२५ − १०) ÷ ९ = ५/३.