गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने: कशाने आराम पडला, डॉक्टरांना कधी गाठलंत?

माझ्या धाकट्या बहिणीला २८वा आठवडा लागलाय. रोज तिचे प्रश्न येतात: झोपू कशी, पाय सुजलेत ते ठीक का, पोट मधेच कडक होतं ते काय? 'या दिवसांत असं व्हायचंच' हे तिने इतक्या जणांकडून ऐकलंय, की सहन काय करायचं आणि सांगायचं काय हेच तिला कळेनासं झालंय. म्हणून मैत्रिणींनो, दोन्ही प्रकारचे अनुभव लिहा.

झोपेपासून सुरुवात मी करते. या टप्प्यावर झोपताना कुशीवरच झोपायचं; डावी, उजवी, दोन्ही चालतात. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं. मी एक उशी गुडघ्यांमध्ये, एक पोटाखाली आणि एक पाठीशी घ्यायचे. पाठीशी घेतलेली सगळ्यात कामाची, झोपेत उताणं होऊ देत नाही. तरीही जाग आली तेव्हा उताणी असलात तर घाबरू नका, कूस बदला आणि परत झोपा.

* * *

मला ओटीपोटाच्या समोरच्या हाडाचा त्रास होता. कपडे घालायला एक पाय उचलला की जांघेत अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी. फिजिओथेरपिस्टने हालचाली बदलायला लावल्या. कपडे बसूनच घालायचे. कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून एकत्र वळवायचे. गाडीतून उतरताना आधी दोन्ही पाय जोडीने बाहेर काढायचे, मगच उभं राहायचं. जिना एकेक पायरीने चढायचा. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण मी कामावर जाऊ शकत होते. हा त्रास असेल तर 'बाळंतपणानंतर जाईल' म्हणून थांबू नका, फिजिओथेरपी आत्ताच मागून घ्या.

* * *

छातीतली जळजळ! थोडं थोडं, जास्त वेळा खायचं, आणि जेवण व झोप यात दोन-तीन तास ठेवायचे. एवढ्याने माझं भागलं. रात्री पोटरीत गोळा आला की पाय सरळ करून पायाची बोटं स्वतःकडे ओढायची, लगेच सुटतो.

* * *

माझा अनुभव खाजेचा आहे आणि तो प्रत्येकीने वाचावा असं वाटतं. ३३व्या आठवड्यात तळहात-तळपाय खाजायला लागले. अंगावर पुरळ नाही, लाली नाही, फक्त खाज, आणि रात्री इतकी की पाय गार फरशीवर टेकवून बसायचे. पोटाची कातडी ताणली की थोडं खाजतंच, पण ही खाज तळव्यांना होती. डॉक्टरांना फोन केल्यावर त्यांनी त्याच दिवशी रक्त तपासायला सांगितलं. यकृताची तपासणी आणि पित्ताम्लं, म्हणजे यकृतात तयार होणारी पित्तातली आम्लं. पित्ताम्लं वाढलेली निघाली. ती फार वाढली तर बाळाला धोका असतो, म्हणून पुढे वरचेवर रक्ततपासण्या झाल्या आणि प्रसूती थोडी आधी करायचं ठरलं. मुलगी ठणठणीत आहे. पुरळ नसलेली तळव्यांची खाज मलम लावून दाबू नका, बायांनो.

* * *

'शेवटी जागा कमी पडते, बाळ कमी हलतं' असं मलाही सांगत होते. ते खरं नाही. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथांऐवजी सरकणं, वळणं जास्त जाणवतं, पण हालचाली कमी होता कामा नयेत. प्रत्येक बाळाची आपली लय असते, ती ओळखून ठेवायची. माझं संध्याकाळी हमखास जागं व्हायचं. एका संध्याकाळी शांत राहिलं, तशी मी सकाळची वाट न बघता तडक दवाखान्यात गेले. ठोक्यांचा आलेख काढला, सगळं व्यवस्थित होतं. तिथल्या नर्सताई म्हणाल्या, पुन्हा असं वाटलं तर पुन्हा या. कोणी हसलं नाही की वैतागलं नाही.

* * *

नवऱ्याच्या बाजूने लिहितो. संध्याकाळी घोटे सुजायचे, पाय वर घेऊन बसलं की उतरायचे, त्याची काळजी नव्हती. एका सकाळी मात्र तिचा चेहरा आणि बोटं सुजलेली दिसली, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे चमचमत होतं. घरच्या यंत्रावर रक्तदाब १४०/९० च्या वर. लगेच निघालो. प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा आजार, निघाला. दाखल करून घेतलं, उपचार वेळेत सुरू झाले. बरगडीखाली दुखणं हेही त्याच आजाराचं लक्षण असतं, हे तिथे कळलं. घरच्यांनाही ही लक्षणं माहीत हवीत. ठणकत्या डोक्याने तिने काय काय लक्षात ठेवायचं?

* * *

पोट कडक होण्याबद्दल: पाणी पिऊन, कूस बदलून थांबलं तर सहसा सरावाच्या कळा. ठरावीक अंतराने येऊन जोर वाढत गेला तर खऱ्या. ३७ आठवड्यांच्या आत अशा नियमित कळा आल्या, तर थेट दवाखाना. पाणी किंवा रक्त गेलं तर कधीही.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीने बाळाच्या हालचालींच्या वेळा लिहायला सुरुवात केलीये, खाजेबद्दल मेहुण्यांनीही वाचलं. आता नवीन तक्रार: पहाटे मनगटापासून बोटांपर्यंत मुंग्या येतात, कप हातात धरवत नाही. डॉक्टरांनी रात्री मनगटाला पट्टा बांधायला सांगितलाय. कोणी वापरलाय का? झोप लागते का तो बांधून?