आउटबोर्डच्या गिअरकेसमध्ये पाणी शिरतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात असतो. 8 एचपीचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे लावायचं इंजिन) आहे. पानशेतला तासभर चालवलं की गिअरकेसमधलं (पाण्याखालच्या, गिअर असलेल्या डब्यातलं) गिअर ऑईल ताकासारखं पांढरं होतं. ड्रेन आणि व्हेंट स्क्रूचे वॉशर नवे टाकले, प्रॉपेलर शाफ्टची दोन्ही सीलं (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलली. तिथे गळाचा नायलॉन दोरा गुंडाळलेला निघाला, म्हणून वाटलं दुखणं सापडलं. पण पाणी येतंच आहे.

मग सायकलच्या पंपाने 10 पीएसआय हवा भरून गिअरकेस पिंपात बुडवली. शाफ्ट स्थिर असताना प्रेशर गेजचा काटा हलत नाही. इंजिनकडून गिअरकडे येणारा उभा ड्राइव्हशाफ्ट हाताने फिरवला की वॉटर पंपाखालून बारीक बुडबुडे येतात. गिअर बदलायच्या शिफ्ट रॉडपाशी काही नाही.

पंप उतरवला. सील टेकतं तिथे शाफ्टवर खाच पडली आहे, नख अडकतं. नवा शाफ्ट मिळत नाही. सील मापाने नाना पेठेत मिळेल. लेथवाला वेल्डिंग भरून टर्न करू म्हणतो, पण उष्णतेने शाफ्ट वाकेल याची मला खरंच धास्ती आहे.

खाचेवर पातळ स्टीलची स्लीव्ह (नळीसारखं आवरण) चढवावी, की सील 1-2 मिमी वर बसवून त्याचा ओठ न झिजलेल्या जागी आणावा? कोणी केलं असेल, तर किती टिकलं?